नाव ठेवण्यापूर्वी



पवित्र कुरआनची साठावी सूरह 'अल-मुम्तहिना' या नावाने ओळखली जाते. उच्चारातील किंचित फरकाने या नावाचे दोन अर्थ होतात: परीक्षा घेणारी सूरह, किंवा जिची परीक्षा घेतली गेली ती स्त्री. या नावामागचा प्रसंग आपल्या आजच्या विषयाच्या गाभ्याशी जाऊन भिडतो.

हिजरी सन ६ मध्ये हुदैबिया येथे मुसलमान आणि मक्केचे कुरैश यांच्यात तह झाला. मक्केतून जो कोणी आपल्या वडीलधाऱ्यांच्या संमतीशिवाय मदीनेला येईल त्याला परत पाठवावे, असे त्यात एक कलम होते. तहानंतर उम्मे कुलसूम बिन्ते उक्बा (र.) घरदार सोडून मदीनेत येऊन पोहोचल्या. पाठोपाठ त्यांचे दोन भाऊ आले आणि कराराकडे बोट दाखवून आमची बहीण आमच्या हवाली करा, असे म्हणू लागले. त्या वेळी या सूरहची दहावी आयत अवतरली. तिचा आशय असा की, श्रद्धावंत स्त्रिया हिजरत करून तुमच्याकडे आल्या तर त्यांची पारख करून घ्या. त्यांच्या ईमानाची खरी माहिती अल्लाहलाच आहे. मात्र त्या खरोखर ईमानधारक असल्याचे तुम्हाला कळून आले तर त्यांना परत पाठवू नका. उम्मे कुलसूम (र.) यांना परत पाठवले गेले नाही.

ही पारख कशी होत असे, याविषयी हजरत इब्ने अब्बास (र.) यांचे कथन तफसीरग्रंथांत आले आहे. येणाऱ्या स्त्रीला शपथेवर विचारले जाई की, ती पतीच्या तिरस्कारापोटी निघाली आहे काय, केवळ एक भूमी सोडून दुसरी हवी म्हणून आली आहे काय, ऐहिक लाभ शोधते आहे काय, की अल्लाह आणि त्याच्या प्रेषिताच्या प्रेमाखातर तिने घर सोडले आहे. प्रश्न नीट वाचले तर लक्षात येईल की, घर सोडण्याच्या कारणांमध्ये भेद करण्याची ही रीत होती. चौदाशे वर्षांनंतर जगातील आश्रय-अधिकारी आपल्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला याच स्वरूपाचे प्रश्न विचारतात: तू का निघालास? परत गेलास तर तुझे काय होईल?

वाचकहो, हा प्रसंग येथे मांडण्याचे कारण आहे. अलीकडे आपल्या घरांतून, वर्तमानपत्रांतून आणि विशेषतः मोबाइलवर पुढे ढकलल्या जाणाऱ्या संदेशांतून काही शब्द सर्रास वापरले जातात. निर्वासित, शरणार्थी, स्थलांतरित, विस्थापित, घुसखोर, हद्दपार. एकाच बातमीत एकाच माणसासाठी यांतील तीन-तीन शब्द आलेले दिसतात, जणू त्यांचा अर्थ एकच आहे. वस्तुतः यांतील प्रत्येक शब्द माणसाच्या कायदेशीर स्थितीविषयी दिलेली साक्ष असते. एका शब्दाने त्याला आश्रय मिळतो आणि दुसऱ्या शब्दाने त्याची रवानगी होते. ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्या मागे लागू नका, कान, डोळे आणि हृदय या सर्वांना जाब विचारला जाईल, हा आदेश (सूरह बनी इस्राईल, आयत ३६) आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कुजबुजीपुरता लागू समजतो. परक्या माणसाला 'घुसखोर' म्हणताना मात्र तो आठवत नाही. आपल्या मराठीत 'नावे ठेवणे' हा वाक्प्रचार दोष काढण्यासाठी वापरतात, तो उगाच नव्हे.

तेव्हा हे शब्द एकेक करून समजून घेऊ या.

पहिला शब्द निर्वासित. मराठी माणसाच्या कानात या शब्दाला फाळणीचा आवाज आहे. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवण्यात आले आणि पुढे तेथे उल्हासनगर उभे राहिले. या लोकांना सर्व महाराष्ट्र निर्वासित म्हणत असे. परंतु भारताने त्यांना आपले नागरिक म्हणून स्वीकारले होते. त्यांच्या पाठीशी एक देश उभा होता. आंतरराष्ट्रीय कायद्यात 'निर्वासित' हा शब्द याहून काटेकोर आहे. १९५१ च्या जिनिव्हा करारानुसार निर्वासित म्हणजे अशी व्यक्ती जी आपल्या देशाबाहेर आहे आणि वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व अथवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याच्या साधार भीतीपायी जिला स्वदेशाचे संरक्षण घेता येत नाही किंवा घेण्याची इच्छा नाही. हा करार मूळात १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. १९६७ च्या पूरक कराराने ती मुदत उठवली.

या व्याख्येतील दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. भीती 'साधार' हवी. मनातील धास्ती पुरेशी नाही, तिला परिस्थितीचा आधार हवा. आणि छळाचे कारण वर सांगितलेल्या पाचांपैकी एक हवे. दुष्काळाने गाव सोडणारा, कर्जाने पिचलेला, भूकंपात घर गमावलेला माणस आपल्या मदतीचा पूर्ण हक्कदार आहे, परंतु तेवढ्यावरून तो या व्याख्येत बसत नाही. व्याख्येला अपवादही आहेत. ज्याने युद्धगुन्हे किंवा मानवतेविरुद्धचे गुन्हे केल्याचे गंभीर कारण दिसते, त्याला या कराराचे छत्र मिळत नाही.

स्वदेशाचे संरक्षण हा मुद्दा एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले, तेव्हा तेथे कामाला असलेले १ लाख ७० हजारांहून अधिक भारतीय विमानांनी मायदेशी आणले गेले. अनेकांनी नोकरी, पगार, सामानसुमान सारे गमावले होते. वाळवंटातून जॉर्डनमधील अम्मानपर्यंत पोहोचताना त्यांचे हाल झाले. तरीही कायद्याच्या अर्थाने ते निर्वासित नव्हते. कारण त्यांच्या हातात भारताचे पारपत्र होते आणि ते पारपत्र देणारा देश त्यांना न्यायला आला होता. ज्याला न्यायला कोणी येत नाही, किंवा जो येतो तोच छळणारा असतो, तो निर्वासित.

दुसरा शब्द आश्रयार्थी. ज्याने आश्रयासाठी अर्ज केला आहे पण ज्याच्या अर्जाचा निर्णय अद्याप लागलेला नाही, तो आश्रयार्थी. प्रत्येक आश्रयार्थी शेवटी निर्वासित ठरतोच असे नाही. परंतु निर्णय लागेपर्यंत त्याला लबाड म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या चौदाव्या कलमाने छळापासून बचावासाठी अन्य देशांत आश्रय मागण्याचा हक्क मान्य केला आहे. येथे कायद्याचे एक सूक्ष्म तत्त्व आहे, जे मला फार मोलाचे वाटते. निर्वासित असल्याची मान्यता माणसाला निर्वासित बनवत नाही; तो आधीच निर्वासित असतो, मान्यतेने ते केवळ जाहीर होते. आता सूरह मुम्तहिनाची ती आयत पुन्हा आठवा. पारख करणाऱ्यांना तेथेच सांगितले गेले की, त्या स्त्रियांच्या ईमानाची खरी माहिती अल्लाहला आहे. पारख करणारा ईमान निर्माण करत नाही आणि हृदयही वाचू शकत नाही. समोर आलेल्या पुराव्यावर त्याने न्यायाने निर्णय करायचा असतो. ज्याला आपल्या मर्यादेची जाणीव आहे तोच परीक्षक शंकेचा फायदा समोरच्याला देऊ शकतो.

निर्णयापूर्वी ऐकून घेणे म्हणजे काय, याचा धडा या उम्मतला एका ख्रिस्ती राजाकडून मिळाला आहे. प्रेषितत्वाच्या पाचव्या वर्षी काही मुसलमान मक्केतील छळाला कंटाळून हबशाला म्हणजे अबिसीनियाला गेले. कुरैशांनी त्यांना परत आणण्यासाठी अम्र बिन आस आणि अब्दुल्लाह बिन अबी रबीआ या दोघांना पाठवले. (अम्र बिन आस पुढे इस्लाम स्वीकारून थोर सेनानी झाले, हे वाचकांना ठाऊक आहेच.) या दूतांनी आधी दरबाऱ्यांना भेटी दिल्या आणि राजाने या लोकांशी न बोलताच त्यांना आमच्या ताब्यात द्यावे, असा सल्ला तुम्ही द्या, अशी गळ घातली. सारी मेख या 'न बोलताच' मध्ये होती. नजाशीने ते मानले नाही. जे लोक इतरांना सोडून माझ्या आश्रयाला आले त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय मी त्यांना सोपवणार नाही, अशी भूमिका त्याने घेतली. मग हजरत जाफर बिन अबी तालिब (र.) उभे राहिले आणि त्यांनी आपण घर का सोडले ते सांगितले. दुसऱ्या दिवशी दूतांनी हजरत ईसा (अ.) यांच्याविषयीच्या श्रद्धेचा प्रश्न काढून राजाला भडकवू पाहिले, तेव्हाही राजाने आरोप ऐकून थेट शिक्षा केली नाही, पुन्हा उत्तर मागितले. शेवटी त्याने कुरैशांच्या भेटवस्तू परत केल्या. आजच्या भाषेत सांगायचे तर एका राष्ट्राने मागणी केली, दुसऱ्या राष्ट्राने सुनावणी घेतली आणि मागणी फेटाळली.

येथे आणखी तीन शब्द जोडून येतात, ज्यांची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. एखाद्या फरारी आरोपीला खटल्यासाठी दुसऱ्या देशाच्या ताब्यात देणे म्हणजे प्रत्यार्पण. भारतात त्यासाठी १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे. परकीय नागरिकाला राहण्याचा अधिकार नाही म्हणून देशाबाहेर पाठवणे ही रवानगी, जिला इंग्रजी वळणाने डिपोर्टेशन म्हणतात. आणि संकट संपल्यावर माणसाने आपल्या मर्जीने मायदेशी जाणे ही स्वदेशी परतणी. यांत 'मर्जी' हा शब्द निर्णायक आहे. मराठी वर्तमानपत्रे रवानगीलाही 'हद्दपारी' म्हणतात आणि गुंडाला दोन जिल्ह्यांतून तडीपार केले जाते तेव्हाही तोच शब्द छापतात. वाचणाऱ्याच्या मनात मग दोघांचे चेहरे एक होतात. तडीपारीचा हुकूम भारतीय नागरिकाविरुद्ध त्याच्या वागणुकीमुळे निघतो. रवानगी झालेल्या परकीयाने कदाचित व्हिसाच्या मुदतीपलीकडे काही दिवस राहण्यावाचून काहीच केलेले नसते.

परत पाठवण्याला एक सीमा आहे, आणि निर्वासितविषयक कायद्याचा सारा डोलारा त्या सीमेवर उभा आहे. ज्या ठिकाणी माणसाच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तेथे त्याला कोणत्याही मार्गाने परत ढकलू नये, हे ते तत्त्व. १९५१ च्या कराराच्या तेहतिसाव्या कलमात ते आले आहे आणि फ्रेंच शब्दावरून त्याला 'नॉन-रिफूलमेंट' म्हणतात. पवित्र कुरआनचे अभ्यासक येथे सूरह तौबाच्या सहाव्या आयतीकडे वळतात. ती आयत युद्धकाळातील आहे, आणि तिच्यात ज्याच्याविषयी आदेश आहे तो मुसलमान नाही, उलट शत्रुपक्षातील अनेकेश्वरवादी आहे. त्याने आश्रय मागितला तर द्यावा, त्याला अल्लाहची वाणी ऐकू द्यावी, आणि मग त्याला त्याच्या 'मअमन'पर्यंत पोहोचवावे, असा तिचा आशय आहे. मअमन म्हणजे जेथे त्याला अमान आहे, जेथे तो निर्धास्त आहे ती जागा. त्याने काय ऐकले, त्याला ते पटले की नाही, यावर त्याची सुरक्षा अवलंबून ठेवलेली नाही. आश्रय देणाऱ्याची जबाबदारी दारापाशी संपत नाही. सुरक्षित ठिकाणी पोहोचेपर्यंत ती चालू राहते.

जागरूक वाचक येथे एक प्रश्न विचारतील. हुदैबियाच्या वेळी अबू जंदल (र.) बेड्यांनिशी घसटत मुसलमानांच्या तळावर आले होते, त्यांना तर परत पाठवले गेले; मग हे तत्त्व कोठे गेले? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. करार होत असतानाच ते आले होते. समोर करार लिहून घेणारा सुहैल बिन अम्र हा त्यांचाच पिता होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्यासाठी सूट मागितली, ती नाकारली गेली, आणि दिलेल्या शब्दाचे ओझे त्यांनी उचलले. अबू जंदल (र.) यांना त्यांनी धीर दिला की अल्लाह तुमच्यासाठी वाट काढील. सहाबांना हा क्षण किती जड गेला हे हदीसग्रंथांत नोंदलेले आहे. पुढे अबू बसीर (र.) आणि अबू जंदल (र.) समुद्रकिनाऱ्याच्या वाटेवर जाऊन राहिले, तेथे त्यांच्यासारखे आणखी लोक जमले, आणि कुरैशांनी स्वतःच ते कलम रद्द करण्याची विनंती केली. स्त्रियांच्या बाबतीत तर आयतीने स्पष्ट मनाई केली. करारातील शब्द पुरुषांपुरता होता असेही अनेक विद्वान सांगतात. या सर्व प्रकरणातून मला एवढेच दिसते की, करारपालन आणि दुर्बलाचे रक्षण या दोन्ही जबाबदाऱ्या खऱ्या आहेत, आणि त्यांच्यात ताण निर्माण झाला तेव्हा एकीचे नाव घेऊन दुसरी गुंडाळून ठेवली गेली नाही. त्याच दहाव्या आयतीत, आलेल्या स्त्रियांच्या मक्केतील पतींनी महरवर जो खर्च केला होता तो त्यांना परत देण्याचाही आदेश आहे. समोरचा विरोधक असला तरी त्याचा हक्क हक्कच राहतो.

आता स्थलांतरित या शब्दाकडे येऊ या, कारण तो आपल्या घरातला आहे. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातून आखाताकडे गेलेल्या माणसांच्या कमाईवर कोकणातील कित्येक वाड्या उभ्या राहिल्या. हे सर्व स्थलांतरित कामगार आहेत. कुरआनने धरतीवर पसरून अल्लाहची कृपा शोधण्यास सांगितले आहे (सूरह जुमुआ, आयत १०). तेव्हा रोजीसाठी गाव सोडण्यात कमीपणा मुळीच नाही. कर्मांचा आधार संकल्पावर असतो, या सुप्रसिद्ध हदीसमध्ये हिजरतचेच उदाहरण दिले आहे: ज्याची हिजरत अल्लाह आणि प्रेषितासाठी ती तशी, ज्याची ऐहिक लाभासाठी किंवा विवाहासाठी ती तशी. कारण जे असेल ते नाव त्याला द्यावे, एवढीच अपेक्षा आहे. आणि या नावात हक्कही असतात. भारतात १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. ज्यांच्या पारपत्रावर 'ईसीआर'चा शेरा आहे अशांना आखातासारख्या ठरावीक देशांत कामाला जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. पर्यटक व्हिसावर पाठवून तिकडे कामाला लावू म्हणणारा एजंट हे संरक्षणच काढून घेत असतो. मग तिकडे कफील वेतन देवो वा न देवो, करार कोठेच नोंदलेला नसतो.

व्हिसा म्हणजे काय, हेही शरीअतच्या भाषेत समजून घ्यावे. आपल्या फुकहांनी 'मुस्तामिन' ही संज्ञा वापरली आहे: अमान घेऊन परक्या भूमीत राहणारा. इमाम मुहम्मद बिन हसन शैबानी (रह.) यांनी आंतरराष्ट्रीय संबंधांवर स्वतंत्र ग्रंथरचना केली, तिच्यात हा नियम आहे की जो मुसलमान अमान घेऊन दुसऱ्यांच्या देशात गेला त्याने तेथील लोकांच्या जिवाला किंवा मालमत्तेला दगा देणे वैध नाही. अमान दोन्ही बाजूंनी बांधते. आजच्या अनेक उलमांनी व्हिसाला याच अमानच्या जागी मानले आहे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. अर्ज भरताना आपण ज्या अटींखाली सही करतो त्या अटी म्हणजे आपला शब्द.

म्हणूनच एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. युरोपात शिकायला किंवा कामाला गेलेल्या एखाद्या तरुणाचा व्हिसा संपत आला की त्याला सल्ला देणारे भेटतात: आश्रयाचा अर्ज टाक, घरी जिवाला धोका आहे असे लिही, पुढचे आम्ही बघतो. कधी तयार मजकूरही हाती दिला जातो. खोटी साक्ष हे मोठ्या पापांपैकी एक आहे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. येथे तर ती शपथेवर दिली जाते. तिची किंमतही दुसराच कोणी भरतो. प्रत्येक बनावट कहाणीनंतर समोरचा अधिकारी पुढच्या कहाणीकडे अधिक संशयाने पाहतो, आणि ती पुढची कहाणी कदाचित अशा माणसाची असते ज्याच्या पाठीवर खरोखरच वळ आहेत. ज्याला खरोखर धोका आहे त्याने मात्र अर्ज करण्यास कचरू नये. १९५१ च्या करारातील एकतिसावे कलम असे सांगते की, ज्याने जिवाच्या भीतीने थेट पळून येताना कागदपत्रांविना सीमा ओलांडली त्याला केवळ त्या प्रवेशासाठी शिक्षा करू नये. मात्र त्याने विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर होऊन कारण सांगायला हवे.

जे आपले घर सोडूनही देशाची सीमा ओलांडत नाहीत त्यांना अंतर्गत विस्थापित म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या अहवालानुसार २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख लोक बळाने विस्थापित झालेले होते, आणि त्यांपैकी ७ कोटी ३५ लाख आपल्याच देशात होते. सुदान हे त्याचे ठळक उदाहरण. महाराष्ट्राला 'धरणग्रस्त' हा शब्द कोयनेपासून परिचित आहे. तेही विस्थापितच, पण त्यांची दाद आपल्याच सरकारकडे असते.

सर्वांत दीनवाणी स्थिती नागरिकत्वहीनांची. कोणताही देश ज्यांना कायद्याने आपला नागरिक मानत नाही असे हे लोक. म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांची गत अशी केली. ऑगस्ट २०१७ नंतर त्यांतील ७ लाखांहून अधिक लोक बांगलादेशात आले. बांगलादेशने त्यांना जागा दिली, हे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु सरकारी कागदांत त्यांना 'निर्वासित' म्हटले जात नाही, 'बळाने विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक' असे म्हटले जाते. ज्यांना म्यानमार नागरिक मानत नाही त्यांना म्यानमारचे नागरिक म्हणायचे, आणि निर्वासित म्हटल्याने जे हक्क मागितले जातील ते टाळायचे: एका शब्दाच्या निवडीत राज्यकारभार कसा सामावतो ते येथे पाहावे. तुर्कस्तानने लाखो सीरियन लोकांना सामावून घेतले, पण त्यांची नोंद 'तात्पुरते संरक्षण' या नावाने झाली, कारण १९५१ च्या कराराखाली तो देश केवळ युरोपातून आलेल्यांनाच निर्वासित मानण्याची मर्यादा अजून पाळतो. सौदी अरेबिया, जॉर्डन, लेबनॉन, पाकिस्तान, बांगलादेश, मलेशिया, इंडोनेशिया यांपैकी कोणीही या करारात सामील नाही. ज्या उम्मतची कालगणनाच एका हिजरतपासून सुरू होते, तिच्या देशांनी या शब्दापासून अंतर ठेवावे, हे मनाला लागते. अन्सारांनी स्वतः गरजू असताना मुहाजिरांना आपल्यापेक्षा अधिक मानले, अशी सूरह हश्रच्या नवव्या आयतीत त्यांची प्रशंसा आहे.

भारतही १९५१ च्या करारात सामील नाही आणि येथे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. तरी आश्रयाची परंपरा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५ हजार पोलिश लोक छावणीत राहिले होते, आणि पुढे तिबेटी व श्रीलंकेतील तमिळ लोकांना सरकारने आदेशांद्वारे आश्रय दिला. कायदा मात्र मुख्यतः दोनच गट ओळखतो, नागरिक आणि परकीय. परकीयांविषयीचा १९४६ चा कायदा जाऊन त्याच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून नवा 'इमिग्रेशन अँड फॉरेनर्स' कायदा लागू झाला आहे. आपण परकीय नाही हे सिद्ध करण्याचा भार जुन्याप्रमाणे नव्या कायद्यातही त्या व्यक्तीवरच आहे. म्हणून जन्माचे दाखले, शाळेचे दाखले, जमिनीचे कागद नीट जपणे ही प्रत्येक कुटुंबाची व्यवहारी गरज आहे. वैध कागदपत्रांविना आलेला किंवा मुदत संपल्यावर राहिलेला परकीय १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात 'अवैध स्थलांतरित' ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीने अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना या शब्दातून वगळले. मुसलमानांचा त्यात समावेश नाही, आणि या दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. परिणामी दिल्लीतील उच्चायुक्तालयाच्या कार्डावर जो निर्वासित आहे तोच पोलीस ठाण्याच्या नोंदीत अवैध स्थलांतरित असू शकतो. एका माणसाची ही दोन्ही नावे एकाच वेळी खरी असतात.

या माणसाला संविधानाने अगदीच उघडे सोडलेले नाही. जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क देणारे एकविसावे कलम 'व्यक्ती' हा शब्द वापरते, 'नागरिक' नव्हे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या जिवाचे रक्षण करणे राज्याला बंधनकारक ठरवले. २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने रवानगी थांबवण्याची विनंती मान्य केली नाही. देशात वास्तव्याचा हक्क केवळ नागरिकांना आहे असे म्हटले, पण विहित प्रक्रियेविना कोणाची रवानगी करू नये असेही बजावले. दोन्ही निर्णय आपल्याला ठाऊक असावेत. सोयीचा तेवढा सांगणे ही अर्धी साक्ष होय.

असा कोणी माणूस तुमच्या मशिदीच्या पायरीवर आला तर काय करावे? जेवण द्यावे, औषध द्यावे. यासाठी कोणाचे कागद पाहण्याची गरज नाही. घरात ठेवायचे असेल तर परकीय व्यक्तीच्या वास्तव्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला देणे यजमानावर कायद्याने बंधनकारक आहे, ते टाळू नये. आणि खोटा आधार किंवा खोटे रेशनकार्ड करून देणाऱ्याशी त्याची गाठ घालून देणे म्हणजे त्याला मदतीच्या नावाखाली तुरुंगाकडे नेणे आहे. त्याच्याजवळ कोणते कागद आहेत ते विचारून त्यांच्या प्रती जपून ठेवायला सांगाव्यात. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, बालके आणि कोठडीतील व्यक्ती यांना तेथून विनामूल्य वकील मिळतो. त्या माणसाची कहाणी खरी की खोटी हे ठरवणे आपले काम नाही, आणि त्याचे छायाचित्र काढून मदतीच्या आवाहनासह मोबाइलवर फिरवणे तर मुळीच नाही. त्याचे नाव आणि चेहरा ज्या दिवशी त्याच्या गावी पोहोचेल, त्या दिवशी तेथे मागे राहिलेल्या त्याच्या आईवडिलांच्या दारावर थाप पडू शकते.